पाटी आहे, गाडी नाही!

माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी मास्टर्ससाठी लंडनला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोटो आला. मागे गडद लाल टाइल्सची इमारत, अर्धगोल मोठ्या खिडक्या आणि वर ठळक अक्षरांत 'स्ट्रँड स्टेशन' असं नाव. खाली मेसेज, 'कॉलेजजवळच स्टेशन दिसलं म्हणून जाम खूश झाले होते. जवळ जाऊन बघते तर कुलूप! आता रोज होबर्नला उतरा आणि दहा मिनिटं चाला.'

त्या दहा मिनिटांच्या नादात मी या स्टेशनची माहिती काढायला बसले आणि त्यातच अडकले. कारण हे स्टेशन ना आगीत जळलं, ना पाण्यात बुडालं, ना तिथे कुठला अपघात झाला. ते हळूहळू, नियमाप्रमाणे, हिशेब मांडून बंद पडलं. बंद व्हायला त्याला 87 वर्षं लागली. तुम्ही रोज बसने, लोकलने नाहीतर मेट्रोने कॉलेजला जात असाल, तर ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

स्टेशनचं नाव ऑल्डविच. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या, म्हणजे तिथले लोक जिला 'ट्यूब' म्हणतात तिच्यातल्या, पिकाडिली लाइनचं हे एक छोटं टोक. उघडलं 30 नोव्हेंबर 1907 ला, बंद झालं 30 सप्टेंबर 1994 ला. सुरुवातीला त्याचं नाव स्ट्रँड होतं. ते 1915 मध्ये बदललं, पण इमारतीच्या कपाळावर जुनंच नाव आजही वाचता येतं.

दोन योजनांमधून उरलेला तुकडा

एकोणिसावं शतक संपत असताना लंडनमध्ये भुयारी रेल्वे बांधायची चढाओढ लागली होती. एका कंपनीला उत्तरेकडच्या वूड ग्रीनपासून थेट स्ट्रँड रस्त्यापर्यंत लाइन न्यायची होती. स्ट्रँड म्हणजे नाटकगृहांचा, वर्तमानपत्रांचा, वकिलांचा भाग. दुसऱ्या कंपनीला पश्चिमेकडच्या साउथ केन्सिंग्टनपासून पिकाडिली सर्कसपर्यंत लाइन हवी होती. दोघींकडे परवानगी होती, पण पैसा नव्हता.

मग चार्ल्स यर्कीझ हा अमेरिकन भांडवलदार आला. शिकागोमध्ये ट्रामच्या धंद्यात त्याने भरपूर पैसा केला होता. त्याने दोन्ही योजना विकत घेतल्या आणि मध्ये एक तुकडा जोडून त्यांची एक लांब लाइन करून टाकली. कागदावर एकदम झकास! फक्त या जोडणीत उत्तरेकडून येणारी गाडी होबर्नला पश्चिमेकडे वळायला लागली. होबर्नपासून स्ट्रँडपर्यंतचा अर्ध्या मैलापेक्षाही कमी असलेला तुकडा एकटा उरला. परवानगी मिळालेली होती, तेव्हा तोही बांधला गेला. पण मुख्य लाइनची गाडी तिकडे जाणार नव्हती. होबर्नला उतरायचं आणि दुसरी छोटी गाडी पकडून एकच स्टेशन जायचं, अशी ती सोय.

हे कसं वाटत असेल, ते पुणेकरांना लगेच कळेल. 6 मार्च 2022 ला पुण्यात मेट्रो सुरू झाली तेव्हा वनाझहून निघालेली गाडी गरवारे कॉलेजलाच संपायची. अख्खी पाच स्टेशनं! लोक बसायचे, सेल्फी काढायचे आणि त्याच गाडीने परत यायचे. ऑगस्ट 2023 मध्ये तीच लाइन सिव्हिल कोर्टवरून रुबी हॉलपर्यंत गेली, सिव्हिल कोर्टला पिंपरीची गाडी मिळायला लागली, आणि तेव्हा कुठे रोजच्या कामाला मेट्रो वापरता येऊ लागली. गरवारेची लाइन दीड वर्षात पुढे गेली. ऑल्डविचची कधीच गेली नाही.

पाया पडला तोच नाटकगृह पाडून

स्टेशनसाठी जी जागा घेतली, तिथे रॉयल स्ट्रँड थिएटर होतं. ते 1905 मध्ये बंद करून पाडलं. त्यावरून भुताची गोष्टही तयार झाली. थिएटरमधली एक नटी अजून शेवटच्या टाळ्यांची वाट बघत बोगद्यात फिरते म्हणे! जुनी वास्तू म्हटली की एखादं भूत लागतंच, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही.

इमारतीचं डिझाइन लेस्ली ग्रीन या तरुण आर्किटेक्टचं. तुम्ही लंडनचे फोटो बघितले असतील तर ती गडद लाल, जवळपास रक्ताच्या रंगाची चकचकीत स्टेशनं तुमच्या डोळ्यांसमोर येतील. ती याचीच. विशीत असताना त्याला हे काम मिळालं आणि अवघ्या चार-पाच वर्षांत त्याने पन्नासच्या आसपास स्टेशनं उभी केली. 1908 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी तो गेला. यर्कीझ तर त्याच्याही आधी, डिसेंबर 1905 मध्ये वारला. त्याच्या भुयारी लाइन्सपैकी एकही त्याला धावताना बघायला मिळाली नाही.

स्टेशन बांधलं मात्र मोठ्या हौसेने. दोन प्लॅटफॉर्म, दोन बोगदे आणि लिफ्टसाठी तीन खोल विहिरी. गर्दी होईल, लाइन पुढे जाईल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात तीनपैकी एकाच विहिरीत लिफ्ट बसल्या, त्याही दोन. बाकीच्या विहिरी रिकाम्याच राहिल्या. काही भुयारी वाटा तर टाइल्स न लावताच सोडून दिल्या.

गर्दी न होण्याची कारणं अगदी साधी होती. पहिलं, होबर्नहून चालत यायला जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच लिफ्टने खाली जाऊन, गाडीची वाट बघून, परत लिफ्टने वर यायला लागायचा. दुसरं, दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर टेंपल नावाचं दुसरं स्टेशन 1870 पासूनच होतं. आणि तिसरं कारण सगळ्यात भारी. याच रस्त्याखालून 1906 पासून चक्क भुयारी ट्राम धावत होती! 1908 मध्ये ती नदीकाठापर्यंत वाढवली. म्हणजे ट्राम पुढे जात होती आणि ट्यूब मात्र जागच्या जागी थांबली होती. तुम्ही कशात बसला असता?

एक एक कपात

नाटकं सुटल्यावर घरी जाणाऱ्यांसाठी सुरुवातीला रात्री उशिरा एक थेट गाडी ऑल्डविचहून उत्तरेकडे सोडली जायची. 1908 मध्ये ती बंद झाली. 1914 मध्ये पूर्वेकडचा प्लॅटफॉर्म आणि बोगदा वापरातून काढला, कारण एका गाडीला एक बोगदा पुरत होता. 1922 मध्ये तिकीट खिडकी बंद झाली आणि तिकीट लिफ्टमध्येच मिळायला लागलं. हसू येतं ना? पण लक्षात घ्या, यातला एकही निर्णय वेडगळ नव्हता. त्या त्या वेळी प्रत्येक कपात शहाणपणाचीच वाटत होती.

आणि तरीही या स्टेशनच्या आजूबाजूला केवढी माणसं होती! पाच-सात मिनिटांवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. 1916 मध्ये तिथे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक नाव होतं भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षी त्यांनी बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवलं. ते होबर्नच्या बाजूला. म्हणजे ऑल्डविचच्या या छोट्या लाइनच्या एका टोकाला बाबासाहेबांचं कॉलेज आणि दुसऱ्या टोकाला त्यांचं कायद्याचं शिक्षण. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. पण ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डीएस्सी घेऊनच थांबले. पुढे 1930 मध्ये याच ऑल्डविच रस्त्यावर भारताचं 'इंडिया हाउस' उभं राहिलं. आजही आपलं उच्चायुक्तालय तिथेच आहे.

म्हणजे कॉलेजं होती, कचेऱ्या होत्या, नाटकगृहं होती. नव्हती ती फक्त पुढे जाणारी गाडी.

गाडी थांबली आणि स्टेशन भरलं

या स्टेशनचा खरा उपयोग झाला तो युद्धात. पहिल्या महायुद्धात लंडनवर हवाई हल्ले व्हायला लागले, तेव्हा नॅशनल गॅलरीने आपली सुमारे 300 चित्रं ऑल्डविचच्या त्या रिकाम्या प्लॅटफॉर्मवर आणून ठेवली. प्रवाशांना नको असलेला बोगदा चित्रांच्या कामाला आला.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट तर याहून मोठी आहे. 7 सप्टेंबर 1940 पासून जर्मन विमानांनी लंडनवर सलग 57 रात्री बॉम्ब टाकले. लोकांना लपायला जागा हवी होती. ट्यूबच्या स्टेशनात आसरा द्यायची सरकारची तयारी नव्हती. गाड्या अडतील आणि एकदा खाली गेलेली माणसं पुन्हा वर येणार नाहीत, अशी भीती होती. मग लंडनकरांनी काय केलं? सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, खाली गेले आणि तिथेच अंथरूण पसरलं. तिकीट असलेल्या माणसाला बाहेर काढणार कसं? काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली.

22 सप्टेंबर 1940 ला ऑल्डविचची गाडी थांबवली आणि स्टेशन रात्रीच्या आसऱ्यासाठी दिलं. त्या काळातले फोटो मिळतात. प्लॅटफॉर्मवर तर माणसं आहेतच, पण खाली रुळांच्या जागेतही ओळीने झोपलेली आहेत. आजीच्या कुशीत नातवंडं, उशाला गाठोडी, कुणी विणतंय, कुणी पेपर वाचतंय. आणि बंद पूर्वेकडच्या बोगद्यात ब्रिटिश म्युझियमचा खजिना होता. त्यात अथेन्सच्या पार्थेनॉनवरून आणलेली ती प्रसिद्ध संगमरवरी शिल्पंही होती. एका बोगद्यात झोपलेली माणसं आणि शेजारच्या बोगद्यात जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी मूर्ती!

जे स्टेशन दिवसा भरत नव्हतं, ते रात्री भरलं. युद्ध संपलं आणि 1 जुलै 1946 ला गाडी पुन्हा सुरू झाली. पुन्हा तेच. होबर्न ते ऑल्डविच, ऑल्डविच ते होबर्न.

'पुढच्या टप्प्यात' नावाचं आश्वासन

लाइन पुढे न्यायचा विचार कुणीच केला नाही, असं अजिबात नाही. थेम्स नदीखालून वॉटर्लू स्टेशनपर्यंत ती न्यावी, ही कल्पना पुन्हा पुन्हा वर आली. वॉटर्लू म्हणजे आपल्या दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखं प्रचंड गर्दीचं स्टेशन. नदीपलीकडून येणारे हजारो लोक थेट ऑल्डविचला उतरले असते. 1965 मध्ये तर या कामाला संसदेची परवानगीही मिळाली. पैसे मात्र मिळाले नाहीत.

मग आशा लागली ती एका नव्या लाइनची. ती ऑल्डविचवरून पुढे जाणार होती. तिचा पहिला टप्पा 1979 मध्ये 'ज्युबिली लाइन' या नावाने चेअरिंग क्रॉसपर्यंत सुरू झाला आणि बोगदे तर स्ट्रँड रस्त्याखाली आणखी पुढेपर्यंत खणून ठेवले होते. आता फक्त थोडंसंच अंतर बाकी! पण काम थांबलं ते थांबलंच. 1999 मध्ये ज्युबिली लाइन वाढली तेव्हा ती वेस्टमिन्स्टरच्या बाजूने वळली. ऑल्डविचच्या दारापर्यंत येऊन पाहुणा परत गेला. अर्थात तोवर दारालाच कुलूप लागलेलं होतं.

कारण दरम्यान एक मोठी कपात झाली होती. 1962 पासून ऑल्डविचची गाडी फक्त सोमवार ते शुक्रवार आणि तीही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेतच धावायला लागली. आता जरा विचार करा. तुमचं लेक्चर अकराला सुटतं, नाटक रात्री दहाला संपतं, म्युझियम शनिवारी बघायचंय. या कुठल्याच वेळी गाडी नाही. मग तुम्ही त्या स्टेशनचा नाद सोडणार. आणि तुम्ही नाद सोडलात की रजिस्टरमध्ये नोंद होणार, 'प्रवासी कमी'.

इथे मला आमचं गाव आठवलं. अकरावीत असताना तालुक्याच्या कॉलेजातून घरी यायला आम्हाला दुपारची बस होती. मग तिची वेळ अर्धा तास अलीकडे आणली. आमचं शेवटचं लेक्चर सुटायच्या आत बस निघून जायची. आम्ही तिघी मैत्रिणी वडापने यायला लागलो, नाहीतर शेवटचं लेक्चर बुडवायचो. काही महिन्यांनी बसच बंद झाली. कारण काय सांगितलं? प्रवासी नाहीत! तेव्हा राग आला होता, पण नक्की कुणावर चिडायचं, ते कळत नव्हतं. ऑल्डविचबद्दल वाचताना कळलं, की बस एका दिवसात बंद झाली नव्हती. ज्या दिवशी वेळ बदलली, त्याच दिवशी तिचं बंद होणं सुरू झालं होतं.

शेवटी बिल आलं लिफ्टचं

1994 उजाडलं तेव्हा ऑल्डविचला दिवसाला साधारण 450 प्रवासी येत होते. वर्षाला दीड लाख पौंडांचा तोटा. आणि लिफ्ट? त्या अजूनही 1907 च्याच होत्या! त्या बदलल्याशिवाय चालणार नव्हतं आणि खर्च येणार होता 30 लाख पौंड. लिफ्ट नको म्हटलं तर सुमारे 160 पायऱ्यांचा गोल जिना. साडेचारशे माणसांसाठी 30 लाख पौंड कोण घालणार? 30 सप्टेंबर 1994 ला शेवटची गाडी गेली.

त्या दिवशीचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या टेबलावर तुम्ही-आम्ही असतो तरी कदाचित तेच केलं असतं. पण 450 हा आकडा एकाएकी आला नव्हता. रात्रीची गाडी बंद, एक प्लॅटफॉर्म बंद, तिकीट खिडकी बंद, दुपार बंद, शनिवार बंद. एवढं सगळं बंद केल्यावर उरलेली ती 450 माणसं होती. तरीही येत राहिली, याचंच मला कौतुक वाटतं.

आता तिथे काय आहे?

गंमत म्हणजे बंद पडल्यावर ऑल्डविच जास्त प्रसिद्ध झालं. तिथे भुयारी रेल्वेची एक जुनी गाडी शूटिंगसाठी उभीच असते. खरा प्लॅटफॉर्म, खरी गाडी आणि मध्ये लुडबुडायला प्रवासी नाहीत, मग दिग्दर्शकांना आणखी काय हवं! 'अटोन्मेंट', 'व्ही फॉर व्हेंडेटा', 'डार्केस्ट अवर' हे सिनेमे बघितले असतील तर तुम्ही हे स्टेशन आधीच पाहिलंय. 'प्रॉडिजी' बँडच्या 'फायरस्टार्टर'चा 1996 चा व्हिडिओ इथल्याच बोगद्यातला. जुन्या गेम्सचे शौकीन असाल तर 'टूम रेडर 3' मध्ये ऑल्डविच नावाची अख्खी लेव्हल आहे.

2011 मध्ये इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम तिकीट लावून तिथे सहलीही काढतं. म्हणजे जिथे जायला एके काळी लोक तयार नव्हते, तिथे आता लोक पैसे मोजून, आधी बुकिंग करून जिना उतरतात.

माझी मैत्रीणही जाऊन आली. परत आल्यावर तिने फोन केला. म्हणाली, 'अगं, सगळं जागच्या जागी आहे. टाइल्स आहेत, रूळ आहेत, गाडीसुद्धा आहे. फक्त पलीकडे भिंत आहे.' रुळांच्या टोकाला असलेल्या त्या भिंतीपुढे ती बराच वेळ उभी होती म्हणे.

आपल्या शहरांत सध्या जिकडेतिकडे खांब उभे राहतायत, बोगदे खणले जातायत. उद्घाटनाच्या दिवशी फुलांच्या माळा आणि भाषणं असतात, तेव्हा आपण सगळे जातो, रील्स टाकतो. पण तुमच्या रूटवरची वेळ अर्ध्या तासाने बदलते, एखादी रात्रीची फेरी गुपचूप कमी होते, स्टेशनबाहेरची फीडर बस येईनाशी होते, तेव्हा कुणी माळा घेऊन येत नाही. तो दिवस लक्षात ठेवा. जमलं तर दोन ओळींचा तक्रार अर्ज लिहा, वर्गातल्या दहा जणांच्या सह्या घ्या आणि नेऊन द्या.

आम्ही तिघींनी तेव्हा तो लिहिला नव्हता. वडापमध्ये दाटीवाटीने बसून नुसत्याच चिडत राहिलो.